जॉन प्राइन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्याची गाणी रोज ऐकतो त्याला आपण अहो-जाहो करत नाही, म्हणून खाली सगळीकडे 'तो' आहे. प्रश्न वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी विचारलेले आहेत. काही इतक्यांदा, की एकदाची उत्तरं लिहून ठेवणं सोपं वाटलं. गाण्यांच्या ओळी मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या वाचून काही हाती लागत नाही, ऐकाव्या लागतात.

हा जॉन प्राइन कोण?

अमेरिकन गायक-गीतकार. जन्म १० ऑक्टोबर १९४६, शिकागोजवळच्या मेवुड नावाच्या कामगारवस्तीत. मृत्यू ७ एप्रिल २०२०, नॅशव्हिलमध्ये. वडील कारखान्यात साचे आणि हत्यारं घडवणारे कारागीर, पक्के युनियनवाले. घरचं मूळ केंटकी राज्यातल्या म्यूलनबर्ग जिल्ह्यातलं, त्यामुळे शहरात राहूनही घरात कानावर पडायची ती गावाकडची गाणी. चौदाव्या वर्षी थोरल्या भावाने, डेव्हने, त्याला गिटार धरायला शिकवली. पुढे शिकागोच्या 'ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिक'मध्ये तो शिकायला गेला.

पहिला अल्बम १९७१चा, नव्या गाण्यांचा शेवटचा २०१८चा. या सत्तेचाळीस वर्षांत त्याच्या स्वतःच्या आवाजातलं एकही गाणं रेडिओवर तुफान चाललं असं झालं नाही. आणि तरी गाणी लिहिणाऱ्यांना विचारा, पहिल्या पाचात त्याचं नाव येतं.

तो खरंच पोस्टमन होता?

खरंच होता. शाळा संपल्यावर पोस्टात चिकटला. १९६६मध्ये लष्कराचं बोलावणं आलं. बरोबरीची पोरं व्हिएतनामला जात होती, याची रवानगी झाली पश्चिम जर्मनीत, लष्करी गाड्या दुरुस्त करायला. तिथून सुटून आला आणि पुन्हा खांद्यावर टपालाची बॅग. सगळे मिळून पाचेक वर्षं त्याने पोस्टात काढली.

सुरुवातीची बरीचशी गाणी त्याने फेरीवर चालता-चालता रचली. एकदा रस्ता पाठ झाला की पाय आपोआप चालतात, डोकं रिकामं राहतं. पोस्टाची फेरी म्हणजे पुस्तकं नसलेलं वाचनालय, अशा अर्थाचं तो म्हणायचा. तिथल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर तेव्हा 'रिले बॉक्स' असायचे. दिसायला टपालपेटीच, पण मोठी आणि पत्र टाकायला फट नसलेली. पोस्टाची गाडी पुढच्या टप्प्याचं टपाल त्यात ठेवून जाते, पोस्टमन किल्लीने उघडून काढून घेतो. शिकागोची थंडी आणि वारा विचारू नका. तो चुकवायला हा गडी त्या पेटीत शिरून बसायचा आणि तिथेच सँडविच खायचा. 'हॅलो इन देअर' हे म्हाताऱ्या जोडप्याचं गाणं अशाच पेटीत बसून सुचलं, असं त्याने सांगून ठेवलंय.

मला या नोकरीचं महत्त्व वाटतं ते वेगळ्या कारणाने. पोस्टमनला घरात जाता येत नाही. पण रोज त्याच दारात उभं राहिलं की पुष्कळ दिसतं: कुणाचा पडदा दिवसभर ओढलेला, कुणाकडे फक्त बिलं येतात, कोण पत्र नसलं तरी दोन मिनिटं बोलायला थांबवतं. प्राइनची गाणी अशी उंबऱ्यावरून पाहिलेली आहेत. आत घुसून माणसाच्या मनाचा ताबा घेणं त्याने टाळलं. दिसलं तेवढं सांगितलं आणि पुढच्या दारी गेला.

मग प्रसिद्धी कशी मिळाली?

तीन रात्रींची गोष्ट आहे.

पहिली रात्र शिकागोच्या आर्मिटेज अॅव्हेन्यूवरच्या 'फिफ्थ पेग' या छोट्या बारमधली. नवशिक्यांनी गाण्याचा दिवस. प्राइन बिअर पीत बसला होता आणि जे गात होते त्यांच्याबद्दल कुरकुरत होता. कुणीतरी सुनावलं, एवढं कळतं तर तूच गा. तो उठला आणि स्वतःची तीन गाणी गायला. टाळ्याच नाहीत. पाय इकडे-तिकडे करत तो तसाच उभा. त्याला वाटलं, झालं, पडलो. मग टाळ्या सुरू झाल्या. पुढे त्याच बारमध्ये त्याला गुरुवारचं काम मिळालं.

दुसरी रात्र रॉजर ईबर्टची. हा 'शिकागो सन-टाइम्स'चा तरुण चित्रपट समीक्षक, पुढे पुलित्झर मिळवणारा. प्राइन सांगायचा त्याप्रमाणे ईबर्ट सिनेमाला गेला होता, पॉपकॉर्न फार खारट निघाले, म्हणून सिनेमा अर्धवट टाकून बिअर शोधत तो बारमध्ये आला. आणि ९ ऑक्टोबर १९७० रोजी सिनेमाऐवजी या गाणाऱ्या पोस्टमनवर लिहून मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी प्राइनला चोवीस वर्षं पूर्ण झाली. प्राइनवर छापून आलेलं हे पहिलं परीक्षण. त्यानंतर बारमध्ये उभं राहायला जागा उरेना.

तिसरी रात्र १९७१च्या उन्हाळ्यातली. क्रिस क्रिस्टॉफरसन तेव्हा नावारूपाला आलेला गीतकार होता आणि शिकागोत त्याच्याआधी गाणं व्हायचं ते प्राइनच्या मित्राचं, स्टीव्ह गुडमनचं. गुडमनने क्रिस्टॉफरसनला आणि बरोबरच्या पॉल अँकाला आग्रहाने 'अर्ल ऑफ ओल्ड टाउन'मध्ये आणलं. बार बंद व्हायला आलेला, खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या. प्राइनने या मोजक्या माणसांसमोर गाणी म्हटली. संपल्यावर क्रिस्टॉफरसनने तीच सगळी पुन्हा म्हणायला लावली, वर आणखी असतील तर तीही. काही दिवसांनी न्यूयॉर्कच्या 'बिटर एंड' क्लबमध्ये त्याने प्राइनला आपल्या कार्यक्रमात मंचावर बोलावलं. प्रेक्षकांत अटलांटिक रेकॉर्ड्स या मोठ्या रेकॉर्ड कंपनीचा जेरी वेक्सलर होता. दुसऱ्या दिवशी करार.

यात गुडमनकडे नीट पाहा. स्वतःसाठी आलेली संधी त्याने मित्रासमोर नेऊन ठेवली. हे फार थोड्यांना जमतं.

फोक, कंट्री की फोक-रॉक? दुकानात कुठल्या कप्प्यात शोधायचा?

तिन्ही कप्प्यांत शोधा. (फोक म्हणजे लोकगीतांच्या वळणाचं, कंट्री म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडचं, फोक-रॉक म्हणजे फोक आणि रॉकची सरमिसळ.) पहिला अल्बम मेंफिसमध्ये, एल्विसबरोबर वाजवणाऱ्या वादकांना घेऊन झाला आणि त्याचा निर्माता आरिफ मार्डिन मूळचा तुर्कस्तानचा, सोल संगीतात मुरलेला. १९७५च्या 'कॉमन सेन्स'मध्ये इलेक्ट्रिक गिटार आणि भोंगे (ट्रम्पेट-सॅक्सोफोनसारखी फुंकवाद्यं), १९७९च्या 'पिंक कॅडिलॅक'मध्ये जुनं रॉकअँडरोल. म्हातारपणी पुन्हा कंट्री. अलीकडे अमेरिकेत या सगळ्या मिश्रणाला 'अमेरिकाना' म्हणतात.

कंपनीला मात्र तो खेडवळच विकायचा होता. पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर तो गवताच्या गठ्ठ्यांवर बसलेला दिसतो. आयुष्यात आधी कधी गवताच्या गठ्ठ्यावर बसलो नव्हतो, हे त्याने नंतर हसत सांगितलं.

त्याला 'नवा डिलन' म्हणायचे ना?

बॉब डिलन हा तेव्हाचा सर्वांत नावाजलेला गीतकार, आणि त्या काळात गिटार घेऊन नाकात गाणाऱ्या प्रत्येकाला 'नवा डिलन' म्हणायचे. खुद्द डिलनला मात्र तो आवडायचा. १९७२मध्ये न्यूयॉर्कमधल्या प्राइनच्या कार्यक्रमात डिलन अचानक मंचावर आला आणि हार्मोनिका वाजवून गेला. दोघांत फरक मोठा आहे. डिलनचं गाणं ऐकून काय म्हणायचंय यावर वाद घालता येतो. प्राइनचं गाणं ऐकून वाद घालायला जागाच नसते, घशात काहीतरी अडकतं तेवढंच.

पहिल्या अल्बमचं एवढं कौतुक का?

कारण चोविशीतल्या पोराने हे लिहिलंय यावर विश्वास बसत नाही. तीन गाणी पुरेशी आहेत.

'सॅम स्टोन' हा युद्धावरून परतलेला सैनिक. गुडघ्यात स्फोटातले धातूचे तुकडे, छातीवर जखमी सैनिकाला देतात ते पर्पल हार्ट पदक, आणि वेदनेवर म्हणून सुरू झालेलं मॉर्फीन. गाण्यात व्हिएतनामचं नाव नाही, सरकारला शिव्या नाहीत. ध्रुपदात एकदम त्याच्या पोराची नजर येते: बाबांच्या दंडाला भोक आहे आणि घरातला पैसा तिथून जातो. पोराला व्यसन हा शब्द माहीत नाही, त्याला भोक दिसतं. शेवटच्या कडव्यात सॅम मरतो आणि करण्यासारखं उरतं ते एवढंच, की सैनिकांसाठीच्या सरकारी योजनेतून घेतलेलं घर विकून टाकायचं. कंट्री गायक जॉनी कॅशने हे गाणं गायलं तेव्हा येशूबद्दलची एक ओळ त्याला फार कडू वाटली आणि त्याने ती बदलून घेतली. प्राइनने स्वतः कधी बदलली नाही. मला प्राइनचं बरोबर वाटतं. ती ओळ गोड केली की गाण्याचा कणा जातो.

'हॅलो इन देअर'मध्ये एक म्हातारा आपल्या संसाराचा हिशोब सांगतो. मुलं कुठे-कुठे पांगली, एक कोरियाच्या युद्धात गेला, कशासाठी ते अजून कळलेलं नाही. बायको मागच्या दाराच्या जाळीतून बाहेर बघत बसते. लहानपणी मित्राबरोबर वर्तमानपत्रं टाकायला प्राइन वृद्धाश्रमात जायचा. तिथली काही म्हातारी माणसं आपलाच नातू आला असं समजून बोलायची. गाण्याचं बी ते.

तिसरं 'एंजल फ्रॉम माँटगमरी'. एका मित्राने म्हटलं, म्हाताऱ्यांवर अजून एक लिही. प्राइन म्हणाला, होतं ते सगळं लिहून झालं. मग त्याच्या डोक्यात आली एक मधल्या वयाची बाई, आहे त्याहून म्हातारी झालेली, मोरीपाशी भांडी घासत उभी, हात साबणाच्या फेसात. गाणं पहिल्या शब्दापासून तिच्या तोंडून आहे. स्वयंपाकघरात माश्या घोंघावतायत, नवरा सकाळी कामावर जातो आणि संध्याकाळी परततो, आणि इतक्या वर्षांच्या संसारात बोलायला एक गोष्ट नाही. पुरुषाने बाई होऊन गाताना जे लाडिक सोंग येतं त्याचा इथे मागमूस नाही. गायिका बॉनी रेटने १९७४मध्ये ते गायलं आणि आजही अनेकांना ते तिचंच गाणं वाटतं. प्राइनला त्याचं वाईट वाटलेलं दिसत नाही. दोघं ते कित्येकदा एकत्र गायले.

'पॅराडाइज' हे गाव खरं आहे का?

होतं. केंटकीतल्या म्यूलनबर्ग जिल्ह्यात, ग्रीन नदीच्या काठी. प्राइनचे आईवडील त्या भागातले, उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं तिकडे जायची. हा सगळा कोळशाचा पट्टा. आधी बोगद्यातून कोळसा काढायचे. मग मोठी यंत्रं आली आणि वरची जमीनच खरवडून काढायला लागली. गाण्यात जगातलं सगळ्यात मोठं फावडं असा उल्लेख आहे तो अतिशयोक्तीचा नाही. पीबडी या कोळसा कंपनीने त्या भागात खरोखरच तेवढा अजस्र यांत्रिक खोरा आणला होता.

गाणं म्हणतं, पीबडीची आगगाडी गाव घेऊन गेली. इथे थोडं थांबायला हवं. जमीन खरवडली ती खाणींनी, पण गाव उठवलं ते टेनेसी व्हॅली अॅथॉरिटी या सरकारी वीजसंस्थेने. तिने शेजारी कोळशावरचं औष्णिक केंद्र बांधलं, राख गावावर पडायला लागली आणि १९६७मध्ये उरलीसुरली घरं विकत घेऊन पाडून टाकली. म्हणजे गाण्याने एकाला आरोपी केलं, गुन्ह्यात दोघं होते. पीबडीला हे फार झोंबलं. १९७३मध्ये कंपनीने 'वस्तुस्थिती विरुद्ध प्राइन' अशा अर्थाचं पत्रकच छापलं. त्यात एक मुद्दा असा, की हे गाणं ध्वनिमुद्रित करायला जी वीज लागली तिलाही बहुधा आमचाच कोळसा कामी आला असेल. मुद्दा खोडता येत नाही. पण गाण्याशी पत्रकाने भांडायला गेलं की पत्रक हरतं. पुढे २०१५मध्ये वायोमिंगमधल्या एका दाव्यात फिर्यादींनी गाण्याच्या ओळी उद्धृत केल्या, तेव्हा त्या काढून टाका अशी मागणी कंपनीने केली. न्यायालयाने ती मानली नाही.

हे गाणं त्याने वडिलांसाठी लिहिलं होतं. अल्बम दुकानात यायच्या आधी वडील गेले, पण ध्वनिमुद्रण तयार झालं तेव्हा प्राइनने त्यांना घरी ऐकवलं. गाणं लागताच ते उठून शेजारच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसले. का, असं विचारल्यावर म्हणाले, म्हणजे ज्यूकबॉक्सवर वाजतंय असं वाटेल. ज्या माणसाचं संगीत बारमधल्या, नाणं टाकून गाणी वाजवणाऱ्या ज्यूकबॉक्सशी जोडलेलं, त्याच्याकडून याहून मोठी पावती काय असणार?

सगळी गाणी अशी रडवणारीच आहेत का?

अजिबात नाही. निम्मी हसवणारी आहेत, आणि बरीचशी एकाच वेळी दोन्ही. अमेरिकन झेंड्याचा स्टिकर लावला म्हणून स्वर्गात जागा मिळत नाही, असं बजावणारं त्याचं एक गाणं आहे. 'रीडर्स डायजेस्ट'च्या एका अंकात फुकट झेंडे आले होते. अंक वाटणारा पोस्टमन हाच, दुसऱ्या दिवशी घराघरावर, गाड्यांवर ते चिकटवलेले पाहणाराही हाच. व्हिएतनाम संपल्यावर त्याने ते गाणं बाजूला ठेवलं होतं. इराक युद्धाच्या काळात पुन्हा बाहेर काढलं.

'इन स्पाइट ऑफ अवरसेल्व्ज' हे गायिका आयरिस डेमेंटबरोबरचं युगुलगीत, नवराबायकोने एकमेकांची उणीदुणी काढत गायलेलं. लग्नात वाजवायचं असेल तर आधी शब्द नीट ऐका. घरची वडील मंडळी समोर असली तर पंचाईत होईल.

स्टीव्ह गुडमनबद्दल अजून सांगा.

शिकागोचा ठेंगणा, तल्लख गिटारवादक. ल्युकेमिया झालाय हे त्याला तरुणपणीच कळलं होतं, आणि तो उरलेला वेळ पळत जगला. दोघांनी मिळून कंट्री गाण्यांची टर उडवणारं एक गाणं रचलं. प्राइनला वाटलं, कंट्री गाणारे चिडतील, म्हणून त्याने आपलं नाव घालायला नकार दिला. १९७५मध्ये डेव्हिड अॅलन को या कंट्री गायकाने ते गाऊन हिट केलं. पैसे आले गुडमनला. त्याने प्राइनला एक जुना ज्यूकबॉक्स घेऊन दिला.

१९७८चा 'ब्रूझ्ड ऑरेंज' गुडमनने निर्माण केला. माझ्या मते पहिल्या अल्बमनंतरचा हाच सर्वांत पक्का. त्याचं शीर्षकगीत प्राइनने पोरवयात पाहिलेल्या एका अपघातावर आहे. थंडीत चर्चसमोरचा बर्फ काढायचं काम त्याच्याकडे होतं. जाताना रुळांपाशी गर्दी दिसली. चर्चमध्ये सेवेला निघालेला एक मुलगा रेल्वेखाली सापडला होता. कुणाचा ते कळेना, आणि मुलगे घरी नसलेल्या आया तिथे उभ्या राहून वाट पाहत होत्या.

गुडमन १९८४मध्ये गेला, छत्तिसाव्या वर्षी. 'सुव्हेनिर्स' हे गाणं प्राइन नंतर दरवेळी त्याचं नाव घेऊन गायचा.

मोठ्या कंपन्या सोडून स्वतःचं लेबल का काढलं?

अटलांटिकबरोबर चार अल्बम झाले, असायलमबरोबर तीन. विक्री मध्यमच. १९८०नंतर करार संपले तेव्हा दुसऱ्या कंपनीचं दार ठोठावण्याऐवजी त्याने मॅनेजर अल बुनेट्टा आणि डॅन आइनस्टाइन यांच्याबरोबर 'ओ बॉय रेकॉर्ड्स' हे लेबल, म्हणजे स्वतःची रेकॉर्ड कंपनी, सुरू केलं. हे आज सोपं वाटतं. तेव्हा दुकानांपर्यंत माल पोचवण्याचं सगळं जाळं कंपन्यांच्या हाती होतं. प्राइनच्या चाहत्यांनी अल्बम तयार व्हायच्या आधीच किमतीचे चेक पोस्टाने पाठवले. त्या पैशात अल्बम झाला, आणि मग तो पोस्टाने घरोघर गेला. माजी पोस्टमनला हे शोभलंच.

हिशोब साधा होता. कमी विकलं तरी गाणं आपलं, वेळापत्रक आपलं, आणि मधे कुणी नाही. पुढे १९९१च्या 'द मिसिंग इयर्स'ला ग्रॅमी मिळाला तोही याच लेबलवर. निर्माता टॉम पेटीच्या बँडमधला होवी एप्स्टीन, आणि साथीला ब्रूस स्प्रिंगस्टीन, पेटी, बॉनी रेट अशी नावाजलेली मंडळी. आज नॅशव्हिलमधले कित्येक तरुण गायक स्वतःच्या मालकीचं लेबल काढतात तेव्हा उदाहरण म्हणून प्राइनकडे बोट दाखवतात. वारसा म्हणून मी गाण्यांच्या खालोखाल याला महत्त्व देईन.

त्याचा आवाज नंतर इतका खरखरीत का झाला?

१९९८मध्ये मानेला कॅन्सर निघाला. शस्त्रक्रियेत मानेचा भाग काढावा लागला, जिभेच्या काही नसा गेल्या, वर किरणोपचार. डॉक्टर म्हणाले, आवाज वाचेल अशी काळजी घेऊन किरण देता येतील. त्यावर याने विचारलं, तुम्ही माझं गाणं ऐकलंय का कधी? हा किस्सा तो स्वतःच सांगायचा.

वर्षभर बोलण्याचे व्यायाम केले तेव्हा कुठे तो पुन्हा मंचावर आला. पट्टी खाली गेली होती, मान एका बाजूला कललेली. त्याला स्वतःला नवा आवाज जास्त आवडायचा. मलाही. 'हॅलो इन देअर' चोविशीत गायलेलं ऐका आणि मग साठीनंतरचं. पहिल्यात तो म्हाताऱ्याबद्दल सांगतोय, दुसऱ्यात म्हातारा सांगतोय.

२०१३मध्ये फुप्फुसाचा कॅन्सर. त्यातून उठवायला फिजिओथेरपिस्टने अजब उपाय काढला: जिना पळत चढायचा-उतरायचा आणि धाप लागलेली असतानाच गिटार उचलून दोन गाणी म्हणायची. सहा महिन्यांत तो दौऱ्यावर होता.

ग्रॅमी किती मिळाले?

स्पर्धेतले चार. 'द मिसिंग इयर्स', २००५चा 'फेअर अँड स्क्वेअर', आणि मृत्यूनंतर २०२१मध्ये 'आय रिमेंबर एव्हरीथिंग' या शेवटच्या गाण्याला दोन. शिवाय २०२०चा जीवनगौरव. २०१९मध्ये साँगरायटर्स हॉल ऑफ फेममध्ये नाव. मृत्यूनंतर इलिनॉय राज्याने त्याला मानद राज्यकवी केलं.

त्याची गाणी इतरांनीच गाजवली हे खरं का?

बऱ्याच अंशी. बॉनी रेट वर आलीच. बेट मिडलर आणि जोन बाएझ 'हॅलो इन देअर' गायल्या, जॉन डेन्व्हरने 'पॅराडाइज' गायलं. गीतकार रॉजर कुकबरोबर लिहिलेली दोन गाणी तर कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकाला गेली: १९८३मध्ये डॉन विल्यम्सच्या आवाजात, १९९८मध्ये जॉर्ज स्ट्रेटच्या. कॅन्सरच्याच वर्षी स्ट्रेटचं गाणं वाजलं, आणि अमेरिकेतली दवाखान्याची बिलं कशी असतात हे तुम्हाला माहीत आहे.

नव्या पिढीत जेसन इझबेल, ब्रँडी कार्लाइल, केसी मसग्रेव्हज, मार्गो प्राइस हे सगळे त्याचं ऋण उघड मानतात.

शेवटचा अल्बम हॉटेलात लिहिला म्हणे?

हो, आणि तोही सक्तीने. तेरा वर्षं नव्या गाण्यांचा अल्बम नव्हता. लेबल आता बायको फिओना आणि मुलगा जोडी व्हेलन बघत होते. दोघांनी त्याला नॅशव्हिलच्याच एका हॉटेलात आठवडाभर नेऊन ठेवलं. बरोबर गिटारी आणि अर्धवट लिहिलेल्या ओळींची दहा खोकी. तिथून निघाला 'द ट्री ऑफ फर्गिव्हनेस'. एप्रिल २०१८मध्ये तो बिलबोर्डच्या अल्बमांच्या यादीत पाचव्या क्रमांकावर आला. एकाहत्तराव्या वर्षी, आयुष्यातला सर्वांत वरचा क्रमांक.

शेवटचं गाणं स्वर्गात गेल्यावर काय-काय करणार याची यादी आहे. व्होडका आणि जिंजर एल प्यायचं, नऊ मैल लांबीची सिगारेट ओढायची, बार काढायचा. कॅन्सरनंतर सिगारेट सुटलेल्या माणसाने हे लिहिलंय हे लक्षात ठेवून ऐका.

मृत्यू करोनाने झाला ना?

हो, अगदी सुरुवातीच्या लाटेत. आधी फिओनाला लागण झाली, ती बरी झाली. २६ मार्च २०२० रोजी त्याला रुग्णालयात हलवलं, आणि ७ एप्रिलला तो गेला. वय ७३. दोन कॅन्सर पचवलेल्या माणसाला या नव्या आजाराने दोन आठवड्यांत नेलं. सभा, गर्दी, काही शक्य नव्हतं. लोकांनी घरात बसून मोबाइलसमोर त्याची गाणी म्हटली.

इंग्रजी बेताचं आहे. कळेल का?

डिलनपेक्षा खूप सोपं जाईल. शब्द रोजच्या बोलण्यातले, उच्चार सावकाश. अडचण येते ती वस्तूंच्या नावांत, कारण त्याची गाणी वस्तूंनी भरलेली असतात: जाळीचं दार, ज्यूकबॉक्स, झेंड्याचा स्टिकर. एकदा शब्द डोळ्यांसमोर ठेवून ऐका, मग कागद बाजूला ठेवून. थेट कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं मिळाली तर तीच घ्या, गाण्याआधी तो जी गोष्ट सांगतो तिने निम्मं काम होतं.

गिटार नुकतीच शिकतोय. वाजवता येतील?

यासाठीच ती आहेत असं समजा. बहुतेकांना तीन-चार कॉर्ड पुरतात, 'पॅराडाइज'ला तीनच. ठेका तीन मात्रांचा. उजव्या हाताकडे लक्ष द्या: अंगठा खर्जाच्या तारांवर घड्याळासारखा आलटून-पालटून चालतो आणि बोटं वरच्या तारांवर सूर काढतात. भावाकडून शिकलेली हीच पद्धत त्याने शेवटपर्यंत वापरली. अंगठा बसायला महिना जाईल. घाई करू नका.

सुरुवात कुठून करू?

१९७१चा पहिला अल्बम, सलग. मग 'ब्रूझ्ड ऑरेंज', मग 'द ट्री ऑफ फर्गिव्हनेस'. 'लेक मरी' हे १९९५चं गाणं वेगळं ऐका, अर्धं बोललेलं आणि अर्धं गायलेलं. पहिल्यांदा काहीच कळणार नाही, तिसऱ्यांदा अंगावर येईल. 'कॉमन सेन्स' सर्वांत शेवटी ठेवा, भोंग्यांत शब्द बुडालेत.

त्याची समाधी कुठे आहे?

'पॅराडाइज'च्या शेवटच्या कडव्यात गाणारा सांगतो, मी मेलो की माझी राख ग्रीन नदीत सोडा. कुटुंबाने तसंच केलं. अर्धी राख केंटकीत त्या नदीत सोडली, अर्धी शिकागोत आईवडिलांशेजारी पुरली. नदीकाठच्या औष्णिक केंद्राचा कोळशावरचा शेवटचा संच त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, २०२०च्या फेब्रुवारीत, बंद झाला होता.